नकाराचा कर्ता कोण?

लखनौच्या दक्षिणेस, रायबरेलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेलीबाग नावाची वस्ती आहे. नावावरून एखाद्या बागेची कल्पना येते. प्रत्यक्षात तेथे दाट घरे, बाजार आणि शिकवणीवर्गांच्या पाट्या आहेत. जवळच, १९९६ साली स्थापन झालेल्या बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. विदर्भातून शिकायला आलेला एक विद्यार्थी तेलीबागेत खोली घेऊन राहतो. मागे एकदा त्याच्याकडे उतरलो असता त्याने आपली वही माझ्यापुढे ठेवली. स्पर्धापरीक्षेच्या तयारीसाठी नकारदर्शक उपसर्ग लागलेल्या इंग्रजी शब्दांची यादी त्याने एका सराव-पुस्तिकेतून उतरवून घेतली होती. डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये मराठी, उजवीकडे हिंदी. शिरोभागी नियम : ‘अन, इन, डिस, नॉन या उपसर्गांचा अर्थ नाही.’ त्याखाली ‘अनहॅपी – दुःखी’, ‘इनजस्टिस – अन्याय’, ‘डिसऑर्डर – अव्यवस्था’ अशा ओळी आणि त्यांच्यातच एक ओळ : ‘अनटचेबल – अस्पृश्य – अछूत’.

तो म्हणाला, “सर, बाकीचे सगळे शब्द पाठ होतात. या एका ओळीशी मी अडतो. हा शब्द माझ्या आजोबांना लावीत. नियमाप्रमाणे त्यांच्यात काहीतरी ‘नाही’ असायला हवे. काय नव्हते त्यांच्यात?”

प्रश्न व्याकरणाचा होता आणि व्याकरणापुरता नव्हता. मी त्या वेळी दिलेले उत्तर अपुरे होते. पुरे उत्तर देण्याचा प्रयत्न येथे करीत आहे; आणि ते देताना आपले कोशकार, पाठ्यपुस्तककार आणि अनुवादक या तिघांविरुद्ध एक तक्रार नोंदविणे मला भाग आहे. तक्रार अशी, की माणसांना लावलेल्या नकारार्थी शब्दांचे अर्थ देताना आपण नकाराचा कर्ता लपवितो, आणि जे कोणीतरी कोणावर तरी केले ते सोसणाऱ्याच्या अंगचा गुण म्हणून नोंदवून मोकळे होतो.

प्रथम त्या नियमाकडे पाहू. ‘उपसर्गाचा अर्थ नाही’ हा नियम इंग्रजीतही टिकत नाही. इंग्रजीत ‘अन’ हा एक उपसर्ग नसून दोन आहेत. ‘अनहॅपी’मधला ‘अन’ अभाव किंवा विरोध दाखवितो. तो लॅटिनमधील ‘इन’ आणि आपल्या संस्कृतमधील ‘अ’, ‘अन्’ यांचा सख्खा भाऊबंद. गाठ सोडणे या अर्थाच्या ‘अनटाय’मधला ‘अन’ निराळ्या मुळातून आला असून त्याचे काम झालेली क्रिया उलटविणे हे आहे. ‘इन’ची गत तर याहून चमत्कारिक. ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे पेट घेणारा. तेथील ‘इन’ नकारार्थी नाही. परंतु ‘न जळणारा’ अशी समजूत होऊन अपघात ओढवतील या भयाने विसाव्या शतकात अमेरिकेतील आगप्रतिबंधक संस्थांना ‘फ्लेमेबल’ असा आखूड शब्द पुढे करावा लागला. उपसर्ग चुकीचा वाचला तर घर जळते, याचा हा अक्षरशः पुरावा होय. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही असा तटस्थ. ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याला गोडी नाही असा उदासीन. न्यायाधीश पहिल्या प्रकारचा असावा, दुसऱ्या प्रकारचा नसावा. यादीतल्या नियमाने दोघेही सारखेच ठरतात.

आपल्या परंपरेत हे ज्ञान नवीन नाही. संस्कृत वैयाकरणांनी ‘नञ्’चे सहा अर्थ सांगितले : सादृश्य, अभाव, भिन्नत्व, अल्पता, अप्रशस्तता आणि विरोध. ‘अधर्म’ म्हणजे धर्माचा केवळ अभाव नव्हे, धर्माचा विरोध. ‘अनुदरा’ म्हणजे पोट नसलेली नव्हे, कृश कटीची. मराठीत ‘अमूल्य’ वस्तू मूल्यहीन नसते आणि ‘असंख्य’ लोकांना संख्या असतेच. शिवाय मराठीने संस्कृत ‘अ’वर कधीच भागविले नाही. हिंदीत जे ‘असंवैधानिक’ ते आपल्याकडे ‘घटनाबाह्य’. ‘अवैध’ ते बहुधा ‘बेकायदेशीर’. निवडणूक ‘बिनविरोध’ होते, पाठिंबा ‘बिनशर्त’ असतो, शाळा ‘विनाअनुदानित’ असते, विद्यार्थी ‘गैरहजर’ राहतो. १९३० च्या चळवळीला हिंदीने ‘सविनय अवज्ञा’ म्हटले. मराठीने ‘सविनय कायदेभंग’ म्हणून नकाराऐवजी सरळ कृतीच नावात आणली. एवढी साधने हाताशी असणाऱ्या भाषेने ‘अनटचेबल’पुढे ‘अस्पृश्य’ एवढा एकच शब्द ठेवून पुढच्या ओळीकडे वळावे, याला दारिद्र्य म्हणता येणार नाही. ही टाळाटाळ आहे.

आता तो शब्द उलगडून पाहू. ‘अनटचेबल’ या शब्दाचे तीन अवयव आहेत : नकार, स्पर्श आणि ‘एबल’. खरा घोटाळा शेवटच्या अवयवात आहे. ‘एबल’ शक्यता सांगतो. जे वाचता येत नाही ते ‘अनरीडेबल’. अडचण अक्षरात आहे. त्याच चालीवर ज्याला स्पर्श करता येत नाही तो ‘अनटचेबल’. म्हणजे अडचण त्या माणसात आहे, असे व्याकरण सुचविते. ‘अस्पृश्य’ची घडणही तीच. ‘स्पृश्’ धातूला लागलेला कृत्य प्रत्यय शक्यतेबरोबर योग्यता आणि विधी हेही सांगतो : स्पर्श करण्यास योग्य नसलेला. योग्यता कोणी ठरविली, हे दोन्ही भाषांत गुलदस्तात राहते.

त्या माणसाला स्पर्श करणे अशक्य कधीच नव्हते. त्याच्या हाताने कापलेले गवत, सोललेले कातडे, वाहिलेली मोळी, कसलेले शेत सगळ्यांना चालत होते. अशक्यता नव्हती; मनाई होती. मनाई करणारा होता, ती पाळणारा होता आणि ती मोडल्यास दंड देणाराही होता. आपल्या शास्त्रकारांनी निषेधाचे दोन प्रकार मानले आहेत. नकार नामाशी जोडला की तो पर्युदास. क्रियेशी जोडला की प्रसज्यप्रतिषेध. ‘अस्पृश्य’ हा शब्द दिसायला पर्युदास आहे. वस्तुतः तो गोठविलेला प्रसज्यप्रतिषेध आहे. ‘तू शिवू नकोस’ ही आज्ञा होती. ती शतकानुशतके दिली गेली, आणि एके दिवशी आज्ञा देणारा अदृश्य होऊन ती ज्याच्यावर लादली गेली त्याचे नाव होऊन बसली. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. त्याच्या आजोबांत काहीच ‘नाही’ नव्हते. ‘नाही’ दुसऱ्यांच्या हातात होते.

याला एक विलक्षण साक्ष अमेरिकेत मिळते. दारूबंदीच्या काळात शिकागोमधील सरकारी अधिकाऱ्यांच्या एका पथकाला ‘अनटचेबल्स’ म्हणत, कारण ते लाच घेत नसत. खेळाच्या मैदानावर आजही अजिंक्य खेळाडूला हेच विशेषण लावतात. तोच उपसर्ग, तोच धातू, तोच प्रत्यय. एकीकडे गौरव आणि दुसरीकडे गावकुसाबाहेरचे घर. अर्थ उपसर्गात असता तर असे झाले नसते. अर्थ, नकार कोणाच्या सत्तेने उच्चारला गेला, त्यात आहे.

कोणी म्हणेल, हे सर्व आधुनिक बुद्धिवाद्यांचे कातणे आहे. सामान्य मराठी माणसाला त्याचे काय? मला उलट वाटते. सामान्य मराठी माणसाने कर्ता कधी लपविलाच नाही. त्याचा शब्द ‘शिवाशिव’. शिवाशिव ‘पाळतात’, पाळणारा वाक्यात उभाच असतो. ‘विटाळ’ हा ‘मानावा’ लागतो. मानणाऱ्यावाचून तो नाही. कर्त्याला पडद्याआड नेले ते पंडिती ‘अस्पृश्यते’ने आणि साहेबी ‘अनटचेबिलिटी’ने.

ज्यांच्यावर हा शब्द लादला गेला त्यांनी आणि त्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्यांनी शोधलेली नावेही पाहण्यासारखी आहेत. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत जे मिशन काढले त्याच्या इंग्रजी नावात ‘डिप्रेस्ड क्लासेस’ होते. मराठीत ते ‘निराश्रित साह्यकारी मंडळी’ झाले. १९२४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी स्थापिली ती ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’, आणि १९२७ मध्ये सुरू केलेले पाक्षिक ‘बहिष्कृत भारत’. ‘बहिष्कृत’ हे भूतकालवाचक कर्मणी धातुसाधित आहे : कोणीतरी ज्याला बाहेर घातले तो. पुढे रूढ झालेला ‘दलित’ त्याच जातीचा : कोणीतरी ज्याला दळले, तुडविले तो. दोन्ही शब्द उच्चारताच ‘कोणी?’ हा प्रश्न उभा राहतो. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथाचे नाव ठेवताना ‘अनटचेबल्स’ हा शब्द वापरला खरा, परंतु लगेच ते अस्पृश्य का ‘झाले’ असा प्रश्न उपशीर्षकात जोडला. विशेषणाला त्यांनी क्रियापदाच्या कठड्यात उभे केले.

संविधानाने हीच खबरदारी घेतली. अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो, पण तिची व्याख्या देत नाही. इंग्रजी मूळ पाठात तो शब्द अवतरणचिन्हांत ठेवलेला आहे. म्हैसूर उच्च न्यायालयाने पुढे एका निकालात या चिन्हांकडे लक्ष वेधले आणि येथे शब्दाचा व्याकरणिक अर्थ अभिप्रेत नसून या देशात इतिहासक्रमाने वाढलेली प्रथा अभिप्रेत आहे, असे स्पष्ट केले. व्याकरणिक अर्थ घेतला तर साथीच्या रोग्याला दूर ठेवणे किंवा सुतकातली शिवाशिव याही गोष्टी त्यात येतील. न्यायालयाला जे कळले ते सराव-पुस्तिकेला कळू नये काय? १९५५ चा ‘अस्पृश्यता (अपराध) अधिनियम’ १९७६ मध्ये ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ झाला. कायद्याच्या नावातून नकार गेला आणि हक्क आला. आमच्या शब्दार्थांच्या याद्या मात्र जेथल्या तेथे आहेत.

नकार सोसणाऱ्याचाच असला पाहिजे असे मात्र नाही, आणि हा या विवेचनाचा दुसरा भाग आहे. नोव्हेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेच्या अल्पसंख्याक उपसमितीपुढे डॉ. आंबेडकर आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी जे पुरवणी निवेदन ठेवले, त्यात ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हे नाव बदलण्याची मागणी होती. सुचविलेल्या पर्यायांत ‘नॉन-कन्फॉर्मिस्ट हिंदू’ असा एक होता. या शब्दामागे इंग्लंडचा इतिहास आहे. १६६२ च्या कायद्याने लादलेली एकच एक उपासनापद्धती नाकारून सुमारे दोन हजार धर्मोपदेशक चर्चबाहेर पडले. त्यांच्या परंपरेला हे नाव मिळाले. उपसर्ग नकाराचाच, पण नकार देणारा तो स्वतः. ‘आम्हाला शिवत नाहीत ते आम्ही’ या ओळखीऐवजी ‘आम्ही तुमचे मानीत नाही’ ही ओळख. उपसर्ग तसाच राहिला आणि कर्ता बदलला. एवढ्याने गुलामाचा बंडखोर होतो.

तेलीबाग ज्या प्रदेशात आहे तेथेही हे घडले. कानपूरला केंद्र करून आदि हिंदू चळवळ उभारणारे स्वामी अछूतानंद यांनी ‘अछूत’ या शब्दाची फोड उलटी केली. ‘छूत’ म्हणजे विटाळ. ज्याला तो लागलेला नाही तो अ-छूत, अर्थात पवित्र. हेच पद त्यांनी आपल्या नावात धारण केले. त्यांचे चरित्र लखनौच्या चंद्रिकाप्रसाद जिज्ञासूंनी लिहिले आणि हा विचार हिंदी वाचकांपर्यंत पोचविला. भाषाशास्त्राच्या तराजूत ही व्युत्पत्ती कितपत उतरते, हा प्रश्न येथे गौण आहे. वहीच्या तिसऱ्या रकान्यात ‘अछूत’ एवढेच लिहिणाऱ्या पुस्तिकेला, त्या शब्दाशी याच प्रांतातील लोकांनी केवढी झुंज दिली याची दखल नाही, हा खरा मुद्दा आहे.

त्याच वहीत थोडे पुढे ‘डिनोटिफाइड – विमुक्त’ होते. येथे मराठीचा आणि हिंदीचाही शब्द इंग्रजीहून सरस आहे, पण तो का सरस हे कोणी सांगत नाही. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा प्रथम वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब येथे लागू झाला. लखनौ हे त्या अवधचेच मुख्य शहर. सरकारने अधिसूचना काढावी आणि त्या जमातीत जन्मलेले मूल गुन्हेगार ठरावे, अशी ती व्यवस्था होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. ‘डिनोटिफाइड’ म्हणजे अधिसूचनेतून वगळलेले. स्वतंत्र झालेल्या माणसाची ओळख सरकारच्या कागदाशीच बांधलेली राहिली. जणू आधी कागद होता आणि माणूस नंतर जन्मला. ‘विमुक्त’ शब्दात बेडी आहे, ती घालणारा आहे आणि ती सुटल्याचा क्षणही आहे. मात्र त्या शब्दावर विसंबून राहणेही धोक्याचे. जुना कायदा गेला आणि सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. पोलिसांची नजर त्याच पालांवर राहिली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही आत्मकथने ज्यांनी वाचली आहेत त्यांना वेगळे सांगणे नको. विमुक्त म्हटल्यावर ‘कोणी मुक्त केले?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘खरोखर केले काय?’ हेही विचारावे लागते.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा, की कोशाचे काम रूढ अर्थ नोंदविण्याचे आहे, न्याय करण्याचे नव्हे. मान्य. परंतु नोंद तरी खरी असावी. ‘अस्पृश्य : स्पर्श करण्यास अयोग्य’ ही नोंद तटस्थ नाही, ती मनाई करणाऱ्याच्या मुखातून बोलते. ‘ज्यांच्या स्पर्शाने विटाळ होतो असे मानून सवर्णांनी ज्यांना सार्वजनिक जीवनातून दूर ठेवले ते’ ही नोंद लांब आहे, पण वस्तुस्थितीला धरून आहे. तटस्थता आखूडपणात नसते.

दुसरा आक्षेप वास्तववाद्यांचा : शब्दाने काय होते? पाणवठे मोकळे करा, शब्द आपोआप बदलतील. पाणवठ्याचे महत्त्व महाडनंतर कोणी कोणाला शिकवू नये. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले तेव्हा मनाईचा कर्ता लख्ख उजेडात आला. तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करायला तोच घागरी घेऊन धावला. पण शब्द निरुपद्रवी असतात हे मला मान्य नाही. सातारा जिल्ह्यात मुलगा हवा असताना झालेल्या मुलीचे नाव ‘नकुशा’ ठेवीत. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्याचे भाषांतर ‘अनवाँटेड’ असे केले. ऑक्टोबर २०११ मध्ये एका समारंभात अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. शब्दाने काही होत नसते तर त्या मुली नवे नाव घ्यायला आल्या नसत्या. आणि मराठी नावातला ‘नको’ इंग्रजी ‘अन’पेक्षा अधिक प्रामाणिक आहे, हेही ध्यानात घ्यावे. ‘नको’ हा कोणाच्यातरी तोंडचा उद्गार आहे. तो ऐकताच म्हणणारा दिसू लागतो.

तिसरा आक्षेप सद्भावनेतून येतो. जुने टोचणारे शब्द टाकून गोड शब्द आणावेत, असे अनेकांना वाटते. ‘हरिजन’ शब्दाचे काय झाले ते आपण पाहिले. ज्यांच्यासाठी तो योजला त्यांनीच तो नाकारला. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ शब्द सुचविला आणि तो सरकारी व्यवहारात रुळला. त्यामागील सदिच्छेविषयी शंका नाही. परंतु जिना तसाच ठेवून चढू न शकणाऱ्याला दिव्य म्हटल्याने जिन्याचा बांधणारा सुटतो. ब्रिटनमधील अपंगांच्या एका संघटनेने १९७६ मध्येच याउलट वाट धरली. तिने ‘डिसएबल्ड’ शब्द टाकला नाही; शरीरातील उणीव वेगळी, आणि समाजाने आम्हाला अक्षम ‘केले’ ती गोष्ट वेगळी, असे सांगून तिने त्यातला कर्ता बाहेर काढला. २०१८ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने प्रसारमाध्यमांना ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ म्हणण्याचा सल्ला दिला. कायद्याच्या कागदावर ‘अनुसूचित’ अनिवार्य आहे, यात वाद नाही. पण ‘दलित’मध्ये दळणारा आहे आणि ‘अनुसूचित’मध्ये केवळ सूची आहे. गोड शब्द असो की कोरा, दोन्हींनी आरोपी न्यायालयातून निघून जातो.

म्हणून माझी मागणी शब्द पुसण्याची नाही. अर्थ पुरा देण्याची आहे. माणसांच्या समूहाला लागलेल्या प्रत्येक नकारार्थी शब्दापुढे कोशकाराने ‘कोणी?’ हा प्रश्न ठेवावा आणि उत्तर अर्थात समाविष्ट करावे. ‘असंघटित’ कामगार संघटित का झाले नाहीत? ‘अनधिकृत’ वस्तीला अधिकार कोणी नाकारला? ‘निरक्षर’ बाईची शाळा कोणी बंद केली? उत्तर दर वेळी कोणा खलपुरुषाचे नाव असेल असे नाही. कधी ते दुष्काळ असेल, कधी अंतर, कधी कायदा. पण प्रश्न विचारल्यावाचून उत्तर सापडत नाही. पाठ्यपुस्तककाराने अशा शब्दांना ‘अनहॅपी’च्या पंगतीला बसवू नये. अनुवादकाने ‘अन’ दिसताच ‘अ’ लावण्याची सवय मोडावी. वाक्याच्या संदर्भाने कधी ‘बहिष्कृत’, कधी ‘मज्जाव केलेला’, कधी ‘वंचित ठेवलेला’ असे रूप निवडावे. आणि विद्यार्थ्याने उपसर्गाचा अर्थ पाठ करण्यापूर्वी तो उच्चारणारा कोण, हे विचारावे.

तेलीबागेतल्या त्या वहीत आता एक चौथा रकाना आहे. मी निघण्यापूर्वी विद्यार्थ्याने पट्टीने रेघ मारून तो आखला आणि वर लिहिले : ‘कोणी?’ ‘अनहॅपी’समोर त्याने काही लिहिले नाही. ‘अनटचेबल’समोर लिहिले : ‘ज्यांनी शिवाशिव पाळली त्यांनी.’ परीक्षेत या रकान्याला गुण नाहीत, हे त्याला ठाऊक आहे. गुण देणाऱ्यांनाही ते ठाऊक व्हावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.